जखमी कासवाला पाणी पाजू नका

मृगाचा पाऊस पडून गेला की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत, पवईच्या तलावाभोवती, पुण्यात पाषाण-कात्रजच्या बाजूला, किंबहुना जिथे जिथे नव्या वसाहतींनी जुने ओढे आणि डबकी वेढून टाकली आहेत तिथे तिथे, कासवे हिंडू लागतात. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर चिखलात स्वतःला पुरून घेऊन बसलेली ही कासवे पाऊस होताच वर येतात आणि नवे पाणी शोधायला निघतात. त्यांची जुनी वाट आता डांबरी रस्त्यावरून जाते. अशाच एखाद्या सकाळी शाळेला जाताना तुम्हाला कडेच्या गवतात एक कासव दिसते. त्याच्या पाठीला तडा गेलेला असतो आणि तड्याच्या कडेने रक्त सुकलेले असते.

तुमच्यापैकी एखादा कनवाळू मुलगा किंवा मुलगी अशा वेळी काय करील? कासवाला पिशवीत घालून घरी नेईल. बादलीत पाणी भरून त्यात सोडील, कारण कासव म्हणजे पाण्यातले जनावर. आजी तड्यात हळद भरील, कारण घरातल्या प्रत्येक जखमेवर ती हळदच लावत आली आहे. धाकटा भाऊ भाताची शिते आणि काकडीची फोड पुढे करील. वडील झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी घेऊन येतील. आणि चारपाच दिवसांनी कासव मान बाहेर टाकून मेलेले आढळेल. सगळ्यांना हळहळ वाटेल, पण आपण आपल्याकडून होते ते केले असे थोडे समाधानही वाटेल.

माझे मत या बाबतीत जरा कडू आहे. ते कासव मोटारीने जखमी केले हे खरे. पण ज्या गोष्टींनी ते मेले त्यांतल्या पुष्कळशा घरात घडल्या. सरपटणाऱ्या जखमी प्राण्याला मदत करणे म्हणजे बहुतेक वेळा काही गोष्टी कटाक्षाने न करणे होय. हात शिवशिवत असताना ते आवरणे सोपे नाही. म्हणून त्यामागची कारणे नीट समजून घ्यावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम कासवाच्या पाठीविषयी. चित्रकथांत कासव आपले कवच अंगरख्यासारखे उतरवून ठेवते. प्रत्यक्षात ही गोष्ट अशक्य आहे. पाठीची ढाल ही त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणके रुंद होऊन एकमेकांत सांधले गेल्याने बनलेली असते. म्हणजे ते घर नव्हे, तो सांगाडाच आहे. त्या हाडांतून रक्त वाहते, त्यांना मज्जातंतू पोचलेले असतात. वर जे खवले दिसतात ते आपल्या नखांच्या द्रव्याचे, केराटिनचे, पातळ आवरण असते. आपल्याकडच्या तळ्यांत आणि भातखाचरांत जे कासव फार आढळते, ज्याचे शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा, त्याला तर हे खवलेही नसतात. हाडावर नुसती मऊ कातडी असते. पोटाच्या बाजूला मागे दोन झडपा असतात आणि पाय आत ओढले की त्या झाकणासारख्या मिटतात. अशा कासवाच्या पाठीला तडा गेला म्हणजे, माणसाच्या भाषेत बोलायचे तर, हाड मोडून कातडीबाहेर उघडे पडले. मोडलेल्या पायाचे हाड बाहेर आलेल्या माणसाला आपण बादलीत बसवत नाही.

आणि बादलीचा धोका इतकाच नाही. कासवाची फुप्फुसे पाठीच्या ढालीला आतून अगदी लागून असतात. आपल्या छातीत आणि पोटात जो श्वासपटलाचा पडदा आहे तसा पडदा कासवाला नाही, आणि बरगड्या ढालीत सांधल्या गेल्यामुळे छाती फुगवून श्वास घेण्याचीही सोय नाही. पोटाचे आणि पायांच्या मुळाशी असलेले स्नायू ताणून-सैल करून ते हवा आत-बाहेर करते. पाठीवरचा तडा खोल असेल तर त्यातून पाणी थेट फुप्फुसांच्या पोकळीत शिरू शकते. बादलीतले पाणी म्हणजे घाण, जंतू आणि कासवाची स्वतःची विष्ठा यांचे मिश्रण. पाण्यात सोडलेले कासव पोहते आहे, म्हणजे बरे आहे, असे आपण समजतो तेव्हा ते कदाचित बुडत असते.

तोंडात चमच्याने पाणी घालण्याविषयीही हेच. या प्राण्यांत श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. गलितगात्र प्राण्याला गिळता येत नाही; ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. पाणी कमी पडले असेल तर पशुवैद्य सुईने ते देतो. ते त्याचे काम.

हळदीच्या गुणांविषयी माझे काही भांडण नाही. पण माती, गवताच्या काड्या आणि हळद यांचा जो लगदा तड्यात बसतो तो डॉक्टरला आधी धुऊन काढावा लागतो, आणि तोवर जखम किती खोल आहे हे त्याला दिसत नाही. डिंकाचे तर विचारूच नका. तडा वरून बंद झाला, आत जंतू राहिले, म्हणजे पू बाहेर यायला वाट राहिली नाही. एके काळी जाणते पशुवैद्यसुद्धा फुटलेली ढाल राळ आणि काचतंतूंनी लिंपून टाकत असत. ती पद्धत आता मागे पडली आहे. जखम स्वच्छ करून उघडी ठेवायची आणि तुकडे तारांनी किंवा पट्ट्यांनी जागच्या जागी धरून ठेवायचे, याकडे आता कल आहे. शास्त्रज्ञांनीच सोडून दिलेला उपाय आपण स्वयंपाकघरात का करावा?

आता शितांचा आणि काकडीचा प्रश्न. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, पण हा शब्द फसवा आहे. त्यांचे रक्त थंड नसते; त्यांचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. उन्हात बसून ते अंग तापवतात, सावलीत जाऊन निववतात. पचन, जंतूंशी लढण्याची ताकद, जखम भरून येणे ही सारी कामे त्या तापमानावर चालतात. फरशीवर गारठलेल्या, धक्क्यात असलेल्या कासवाने काही खाल्ले तरी ते पचणार नाही, पोटात सडेल. धडधाकट कासव आठवडाभर उपाशी राहिले तरी त्याचे बिघडत नाही, तेव्हा एका दिवसात ते भुकेने मरेल ही काळजी सोडून द्या.

या संथपणाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कासव बरे व्हायला वेळ घेते; ढालीचे हाड जुळायला महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक. तसेच ते मरायलाही वेळ घेते. प्राणवायू कमी पडला तरी त्याचे शरीर बराच काळ तग धरते आणि हृदय मंद गतीने चालू राहते. म्हणून हालचाल नाही एवढ्यावरून कासव मेले असे ठरवू नका. उलट, जे कासव पुरते चिरडले आहे, वाचण्याची आशा नाही, ते कित्येक तास, कित्येक दिवस जिवंतपणी यातना भोगत पडू शकते. कुत्रा केकाटतो, मांजर ओरडते; कासव आणि सरडा गप्प असतात. त्यांच्या गप्प राहण्याला आपण शांतपणा समजतो. अशा प्राण्याला पशुवैद्याने औषध देऊन वेदनेशिवाय मरण दिले तर तो निर्दयपणा नव्हे. तुम्ही नेऊन दिलेले कासव दुसऱ्या दिवशी "गेले" असे कळले तर तुमची खटपट फुकट गेली असे मानू नका. चार दिवसांचे मरण एका तासावर आले, हीसुद्धा मदतच.

मग करायचे काय? आधी स्वतः रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पुठ्ठ्याचे एक खोके मिळवा. वाण्याकडे बिस्किटांचे रिकामे खोके सहज मिळते. प्राणी आत ठेवण्यापूर्वीच त्याला पेन्सिलीने भोके पाडा. नंतर पाडू नका. तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या किंवा दोरे न सुटलेला जुना सुती कपडा घाला. कासवाला पाठीच्या मागच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंनी धरा, कारण मऊ पाठीच्या कासवाची मान आपण समजतो त्याहून बरीच लांब असते आणि ते कडकडून चावते. शेपटीने उचलू नका. धरायची भीती वाटत असेल तर एका फळीने हळूच खोक्यात सरकवा. त्यात कमीपणा काही नाही. तड्यात चिंधी, कापूस काही कोंबू नका. फार रक्त येत असेल तर स्वच्छ कोरडा कपडा वरून हलकेच धरा. झाकण लावा. अंधारात प्राणी शांत राहतो. खोके सावलीत, वर्दळीपासून दूर ठेवा. उन्हात नको, पंख्याखाली नको, गच्चीवर तर नकोच. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून मित्रांना दाखवण्याचा मोह होईल. ज्याला आपण मदत करतो आहोत त्याच्या लेखी आपण त्याला खायला आलेला राक्षस आहोत, हे त्या वेळी आठवावे.

गळ अडकलेल्या कासवाच्या तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. गळ आतड्यापर्यंत गेलेला असू शकतो आणि दोरा हेच डॉक्टरचे एकमेव माग काढण्याचे साधन असते. हातभर दोरा राखून बाकीचा कापा.

यानंतरची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. एका चिठ्ठीवर प्राणी कुठे, केव्हा, कोणत्या अवस्थेत सापडला ते लिहून खोक्याला चिकटवा. "नाल्याजवळ" असे मोघम नको. विजेच्या खांबाचा क्रमांक, इमारतीचे नाव, ते कोणत्या दिशेने चालले होते हे सगळे लिहा. बरा झालेला प्राणी त्याच जागी सोडायचा असतो. कासवाला आपला टापू ठाऊक असतो. कुठे पाणी टिकते, कुठे ऊन खाता येते, कुठे दडता येते हे त्याने वर्षानुवर्षांत शिकलेले असते. परक्या तळ्यात सोडलेले कासव पुष्कळदा तिथे न थांबता परतीची वाट धुंडाळत पुन्हा रस्त्यावर येते. तुमची ती चिठ्ठी डॉक्टरच्या औषधाइतकीच कामाची आहे.

आणि फोन. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. पुणे आणि नागपूर येथे वनविभागाशी जोडलेली वन्यप्राण्यांची उपचार केंद्रे आहेत, आणि डहाणूला समुद्री कासवांसाठी वेगळे केंद्र आहे. समुद्री कासवाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून आलेले मोठे कासव दिसले की लोक त्याला उत्साहाने पुन्हा लाटांत ढकलतात. ते कासव पोहायची ताकद उरली नाही म्हणून किनाऱ्याला लागलेले असते. त्याला परत ढकलू नका. सावली करा, गर्दी हटवा आणि फोन करा.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा वन्य प्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. घोरपड आणि आपले मऊ पाठीचे कासव हे दोन्ही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला, आहेत. "आम्ही त्याला फार प्रेमाने सांभाळतो" ही सबब तिथे चालत नाही, आणि माझ्या मते चालूही नये.

आता सरड्यांकडे वळू. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. उपनगरात आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंना माणसेच आहेत. गवत कापायचे यंत्र, मांजर, पेटवलेला पालापाचोळा आणि मुलांच्या हातातले दगड, अशा चार मरणांतून सरड्याला धावायचे असते. विणीच्या दिवसांत नर सरड्याच्या मानेवर लाली चढते आणि तो दुरून माणसाचे रक्त शोषतो अशी समजूत पसरते. मग दगड सुरू होतात. ती लाली माद्यांना आणि दुसऱ्या नरांना दाखवण्यासाठी असते, तुमच्या रक्ताशी तिचा संबंध नाही. पाल, सरडा, सापसुरळी यांपैकी आपल्या देशात कोणीही माणसाला विषबाधा करीत नाही. सापसुरळीला पाहून किंचाळणाऱ्या मंडळींना हे सांगून फारसा उपयोग होत नाही असा अनुभव आहे. तरी सांगत राहावे.

पालीची शेपटी तुटली तर घाबरू नका. पालीच्या आणि सापसुरळीच्या शेपटीतल्या मणक्यांत तुटण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. संकट आले की शेपटी तिथे सुटते, स्नायू आवळून रक्त थांबते आणि पुढे नवी शेपटी येते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते. हा अपघात नसून युक्ती आहे, तेव्हा उपचाराची गरज नाही. मात्र बागेतल्या सरड्याला आणि घोरपडीला ही सोय नाही. त्यांची तुटलेली शेपटी परत येत नाही. ती खरी जखम समजावी.

मांजराने तोंडात धरलेला सरडा दिसायला ठीक असतो. दातांची भोके टाचणीएवढी, रक्ताचा थेंब नाही. पण मांजराच्या दाढेत जे जंतू असतात ते आत गेलेले असतात आणि दोन-तीन दिवसांत अंगभर पसरतात. म्हणून असा सरडा "पळाला, वाचला" म्हणून सोडून देऊ नये. खोके आणि फोन हा क्रम त्यालाही लागू आहे.

उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे प्रकरण आपल्या स्वतःच्या घरात घडते आणि इथे तुम्हाला खरोखर काही करता येते. रात्री ठेवलेल्या पुठ्ठ्यावर सकाळी पाल किंवा सापसुरळी चिकटलेली सापडते. ओढाल तर पालीची नाजूक कातडी सोलून निघेल. आधी प्राण्याभोवतीच्या उघड्या डिंकावर पीठ भुरभुरा किंवा कागदाचे कपटे टाका, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. मग स्वयंपाकाचे तेल थेंबथेंब करून पायाच्या कडेला सोडा आणि पाचदहा मिनिटे थांबा. तेल आत शिरले की कापसाच्या बोळ्याने, एकेक पाय करून, पुढच्या बाजूला ढकला. नाकातोंडाजवळ तेल जाऊ देऊ नका. सुटल्यावर अंगावरचे तेल मऊ कपड्याने टिपा. अर्धा तास लागतो. आणि त्या अर्ध्या तासानंतर असले पुठ्ठे घरात आणू नयेत असे तुम्ही वडिलांना सांगाल, याची मला खात्री आहे. उंदीर पकडायला जुना पिंजरा पुरेसा आहे.

घोरपड जखमी असेल तर तिला हात लावू नका. तिची नखे आणि शेपटीचा फटका दोन्ही वाईट असतात. कुत्री आणि माणसे दूर हटवा, ती कुठे शिरली यावर नजर ठेवा आणि वनविभागाला बोलवा. ती जखमी नसेल तर काहीच करू नका. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर चढलेली घोरपड तुमच्या घरात शिरायला आलेली नसते. ती उंदीर, अंडी, किडे शोधत फिरते आणि रस्ता मिळाला की जाते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली "सुटका" करण्याची हौसही वाढली आहे. सकाळच्या उन्हात निश्चल बसलेला सरडा आजारी नसतो. रस्ता ओलांडणारे धडधाकट कासव संकटात असते ते फक्त रस्त्यापुरते. ते ज्या दिशेने चालले आहे त्याच दिशेला पलीकडे ठेवा आणि आपल्या वाटेने जा. मागे ठेवलेत तर ते पुन्हा ओलांडायला निघेल.

घोरपडीला माणसापासून मोठा धोका निराळाच आहे. "हाथाजोडी" या नावाने जी मंतरलेली मुळी म्हणून विकली जाते ती मुळी नसून नर घोरपडीच्या शरीराचा कापून वाळवलेला अवयव असतो, हे २०१७ साली तपासण्यांतून पुढे आले. पूजेच्या साहित्यात कोणी ती दाखवली तर आता तुम्हाला ती ओळखता येईल.

भक्तीचा विषय आला तर कासवाकडे परत यावे लागते. आपल्या देवळांत सभामंडपात दगडी कासव असते, त्याला हात लावून आपण पुढे जातो. याच भावनेने लोक जिवंत कासव घरातल्या काचेच्या पेटीत ठेवतात, म्हणजे लक्ष्मी येईल. किंवा विहिरीत सोडतात, म्हणजे पाणी शुद्ध राहील. विहिरीचे काठ उभे असतात. कासवाला वर येऊन ऊन खाता येत नाही, मादीला अंडी घालायला माती मिळत नाही. ते जगते पुष्कळ वर्षे, हेच वाईट. जखमी कासव बरे झाल्यावर "आमच्या विहिरीत सोडू" असे कोणी म्हणाले तर ती सुटका नसून जन्मठेप आहे असे सांगा.

उलटही घडते. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवट कासव नाल्यात किंवा तळ्याकाठी सापडले तर ते आपल्याकडचे नाही. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. रुपयाएवढे असताना दुकानातून आणलेले, ताटलीएवढे झाल्यावर कोणीतरी गुपचूप सोडून दिलेले. तळ्यात ते आपल्या कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. त्यालाही वेदना होतात, म्हणून उपचार त्यालाही मिळावेत; पण ते पाण्यात परत सोडू नये. चांदण्यांची नक्षी असलेले तारका कासव मुंबईत सापडले तर ते चोरट्या व्यापारातून आलेले असणार. तेही थेट वनविभागाकडे द्यावे. आणि कोणत्याही कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. दिसायला निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलांना त्यांपासून आजार होऊ लागल्याने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आता एक आक्षेप. वर्गात हा विषय काढला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच: रोज इतके प्राणी मरतात, एक वाचवून काय होणार? प्रश्न उर्मट वाटला तरी तो शास्त्रीय आहे, त्याला शास्त्रीय उत्तर द्यावे. कासवाच्या बाबतीत पुष्कळ काही होते. अमेरिकेत मिशिगन राज्यात ब्लँडिंगच्या कासवांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. त्या माद्या १४ ते २० वर्षांच्या झाल्यावर अंडी घालू लागतात. जस्टिन काँग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले, की अशा प्राण्यांत मोठी कासवे थोडी जरी अधिक मरू लागली तरी नुसती अंडी आणि पिल्ले राखून ती तूट भरत नाही. सगळी कासवे इतकी सावकाश वाढत नाहीत, पण रीत तीच. रस्त्यावर सापडलेली प्रौढ मादी म्हणजे कित्येक वर्षांची शिल्लक.

सरड्याच्या बाबतीत मात्र मी हे उत्तर देणार नाही. सरडा वर्षभरात मोठा होतो, मादी एका वेळी दहा-वीस अंडी घालते. एक सरडा वाचवल्याने सरड्यांच्या संख्येत काही फरक पडत नाही. तिथे कारण दुसरे आहे. आपल्या यंत्राने, आपल्या मांजराने, आपल्या डिंकाने त्याला दुखापत झाली आहे आणि तो दुखणे भोगतो आहे, हे कारण मला पुरते. ते कोणाला पुरत नसेल तर माझ्यापाशी दुसरे नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी सरड्याची ओळख करून घेतली ती विच्छेदनाच्या ताटलीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदन बंद करण्यास सांगितले. बरण्यांतले सरडे मात्र अजून अनेक प्रयोगशाळांत उभे आहेत, आणि कुठे कुठे शाळेच्या हौदात एखादे कासवही असते. ते कासव कायद्याने आणि विज्ञानाने, दोन्ही दृष्टींनी तिथे नको. वनविभागाला बोलावून ते द्यावे, आणि देण्याचा तो तासच विज्ञानाचा तास करावा. हौदातल्या कासवापेक्षा मुले त्यातून अधिक शिकतील. प्रयोगशाळेच्या कपाटात भोके पाडलेले एक खोके, जुना टॉवेल आणि झाकणावर १९२६ हा आकडा एवढे ठेवायला काही खर्च नाही.

मुलांना करण्यासारखे आणखी एक काम आहे, त्यासाठी जखमी प्राण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या परिसरात उभ्या काठांचे खड्डे किती आहेत ते मोजा: बांधकामाचे हौद, उघडी गटारे, कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव, कडी घातलेल्या विहिरी. पावसात त्यांत पडलेले कासव, बेडूक, सापसुरळी यांना वर येता येत नाही आणि ते तिथेच थकून मरतात. मालकाची परवानगी घेऊन, मोठ्या माणसाच्या हाताने, अशा प्रत्येक खड्ड्यात एक फळी तिरकी टेकवून ठेवा. फळीला सुतळी गुंडाळा, म्हणजे ओली झाली तरी पाय घसरत नाहीत. पाणी खाली गेले की फळीचे टोक अधांतरी राहते आणि तिचा उपयोग संपतो. म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर कोणी ती खाली सरकवायची, याची पाळी लावून घ्या.